लाटणाऱ्या आणि बाकीच्या

दिनांक २ एप्रिल १९९६, मंगळवार. सकाळी साडेसात. कळंबोली, आमच्या इमारतीची गच्ची. काम : कदमकाकूंचे उडदाचे पापड.

लाटणाऱ्या : कदमकाकू, जाधववहिनी, शिंद्यांच्या दोघी जावा.
लाट्या तोडायला : कदमकाकूंची सून.
वाळत घालायला : माझी मनू (दहा वाजेपर्यंत, नंतर अभ्यास).
कावळे हाकायला : शेवंता.
लिखाण : मी.

ही यादी माझ्याच अक्षरात आहे. अक्षर सुवाच्य, प्रत्येक ओळीखाली पट्टीने मारलेली रेघ, खाडाखोड कुठे नाही. आज, तीन वर्षांनंतरही, ते पान उघडलं, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि कानशिलं पुन्हा तशीच तापली. राग शिळा होतो म्हणतात ते खोटं आहे. वहीत नीट ठेवला तर तो टिकतो.

यंदाही एप्रिल लागला आणि जिन्यातून पापडखाराचा उग्र वास खाली उतरला. तिसऱ्या मजल्यावर कुणाच्या तरी घरी गहू भिजत पडलेत, त्यांचा आंबूस वास दारापर्यंत येतो. गच्चीवर जुन्या साड्या अंथरल्या गेल्या आहेत आणि नऊ वाजताच तिथे अनवाणी पाऊल टेकवत नाही. तळोज्याच्या कारखान्यांकडून वारा फिरला की तो दुसरा वास येतो, घशात खवखवणारा, आणि पांढऱ्याशुभ्र कुरडयांवर काळे बारीक ठिपके बसतात. बायका फुंकर मारतात आणि म्हणतात, "काही नाही हो, तळलं की जातं." कारखान्याची काजळी तळली की जाते. माझ्या हातांचं मात्र तळूनही जाणार नाही, यावर त्या वर्षी सगळ्यांचं एकमत होतं.

ही वही कशी सुरू झाली ते सांगते. आमच्या इमारतीत गच्ची एक, चांगला सोऱ्या एक आणि बिऱ्हाडं सोळा. बहुतेक सगळी सातारा-कराडकडची. कुणाचे यजमान मार्केटात, कुणाचे लोखंडाच्या बाजारात. एक्क्याण्णव साली एकाच दिवशी तिघींनी चीक शिजवला आणि गच्चीवर जे भांडण झालं ते खालच्या दुकानदाराने रस्त्यावर उभं राहून ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली आणि पाळ्या लावल्या. ज्या घराची पाळी, त्या घरी बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. कोण काय करणार, ते आधी ठरवायचं आणि मग वहीत उतरवायचं. तेव्हापासून भांडण नाही. मला याद्यांचं वेड आहे असं घरचे म्हणतात. वेड नाही, सोय आहे.

तर एक्क्याण्णवपासून पंच्याण्णवपर्यंतच्या प्रत्येक यादीत 'लाटणाऱ्या'पुढे पहिलं नाव माझं आहे. माझा पापड कागदासारखा यायचा, कडेला जाड राहायचा नाही. 'लिखाण' नावाचा रकाना नव्हताच. ते काम मी संध्याकाळी भाजी निवडता निवडता करायची. शहाण्णव साली तो नव्याने निघाला, फक्त माझ्यासाठी.

पंच्याण्णवच्या दिवाळीत उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका दिसला. मला वाटलं, रांगोळी राहिली. घासली, गेली नाही. संक्रांतीपर्यंत दोन्ही हातांची बोटं पेरापेराने पांढरी झाली आणि ओठाच्या कोपऱ्यालाही एक ठिपका आला. कोड. घरात हा शब्द कुणी उच्चारला नाही. 'ते', 'तसलं', 'तुमचं ते' असं चाललं. ज्याला त्याला कारण ठाऊक होतं. दुधावर मासे खाल्ले असतील. आंबट जास्त झालं असेल. गरोदरपणात ग्रहण पाळलं नसेल. मनू तेव्हा चौदा वर्षांची होती! मी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले, मलम लावलं, बावचीचं तेल लावून कोवळ्या उन्हात बसले, आणि सगळं तारीखवार लिहून ठेवलं. ठिपके काही माझं टाचण वाचत नव्हते.

आणि मग तो मंगळवार. मी नेहमीप्रमाणे पोळपाट काखेत मारून वर गेले. जिन्याच्या वरच्या खोलीत चौघी बसल्या होत्या, मधे कुटलेल्या पिठाचा तेलकट गोळा. मी बसायला पदर खोचला, तेवढ्यात कदमकाकू हसल्या. त्या हसल्या की काहीतरी नको ते येणार हे मला कळायला हवं होतं.

"मोहितेवहिनी, तुम्ही आपलं लिहा. तुमचं अक्षर किती छान आहे!"

"अहो, लिहीन की नंतर. आधी लाटते."

"नको हो, कशाला टेन्शन? आमी हाओत ना चौघी. तुमच्या हातांना पण जरा आराम." जाधववहिनी माझ्याकडे न बघता बोलल्या. त्यांचं लाटणं थांबलं नव्हतं, फक्त पोळपाट दोन बोटं आत ओढलं गेलं होतं.

मी काय केलं? मी "थँक्यू" म्हटलं. वही घेतली आणि बाहेर टाकीच्या सावलीत जाऊन बसले. त्यांनी बोललेल्याचा राग आहेच, पण त्या थँक्यूचा राग त्याहून मोठा आहे. तो गिळायला मला फार दिवस लागले.

टाकीच्या सावलीत शेवंता बसलेली असायची. तळमजल्यावर राहायची, तिशीची, अंगाने बारीक. लग्न होऊन आल्यावर स्टोचा भडका झाला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले, डाव्या हाताची शेवटची दोन बोटं एकमेकांना चिकटलेली. तिच्याकडे एक लांब काठी आणि काठीच्या टोकाला काळ्या छत्रीचं फडकं. कावळा कठड्यावर बसला की ती नुसती काठी उचलायची. तोंडाने आवाज करायची नाही.

मी शेजारी बसले. वही उघडली. डोळ्यांत पाणी आलं होतं ते उन्हाचं म्हणून पुसलं. शेवंताने माझ्याकडे बघितलं नाही. कावळ्याकडे बघतच म्हणाली,

"पहिल्या वर्षी जड जातं, वहिनी. मग सवय होते. सावली तरी असती हितं."

मला तिडीक आली. अंगाचा नुसता भडका उडाला. ही मला आपल्यात मोजते! "तुझी गोष्ट वेगळी आहे, शेवंता, माझी वेगळी," मी म्हटलं. चांगलं ठणकावून म्हटलं. ती "व्हय" म्हणाली आणि काठी उचलली. कठड्यावर कावळा नव्हता.

त्या महिन्यात मी कुणाकुणावर रागावले त्याची यादी केली तर पान पुरणार नाही. डॉक्टरांना मी सांगितलं, मला लेखी द्या. त्यांनी बिचाऱ्यांनी कागदावर चार ओळी लिहून दिल्या : हा आजार लागत नाही, स्पर्शाने पसरत नाही, स्वयंपाकाला हरकत नाही. मी त्याची झेरॉक्स काढली आणि खाली सोसायटीच्या बोर्डावर, पाण्याच्या टाकीच्या सफाईच्या नोटिशीशेजारी, चार टाचण्या मारून लावली. संध्याकाळी सेक्रेटरी दारात. हातात माझा कागद, टाचण्यांसकट.

"वहिनी, बोर्ड सोसायटीच्या कामासाठी आहे. पर्सनल काही लावता येत नाही. उद्या कुणी ब्लडप्रेशरचा रिपोर्ट लावेल."

"ब्लडप्रेशरवाल्याला कुणी गच्चीवर बाजूला बसवलंय का?"

"तुम्ही मनाला लावून घेता."

हे वाक्य मी त्या महिन्यात इतक्यांदा ऐकलं की त्याचाही रकाना काढावा असं वाटलं. दुखवणाऱ्याने दुखवायचं आणि वर मन आपलं सांभाळायचं ते आपणच!

सेक्रेटरी परका माणूस. घरात काय झालं? ह्यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, लोखंडाच्या बाजारातून हातमोज्यांचा एक जोड आणला. हमाल सळया उचलताना घालतात तसले, जाड, पिवळट सुती. टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "हे घालत जा. म्हणजे कुणी बोलणार नाही." त्यांच्या आवाजात माया होती, म्हणून तर मला ओरडता आलं नाही. मी ते घातले. एप्रिलच्या उकाड्यात, बाजारात जाताना, बँकेत, मनूच्या शाळेत. आतून हात घामाने ओले, बाहेरून लोखंडाचा वास.

आत्यांनी तर त्याहून पुढचं आधीच केलं होतं. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. लग्न झाल्यापासून देवपूजा माझ्याकडे होती. अठरा वर्षं. संक्रांतीनंतर एका सकाळी मी अंघोळ करून आले तर देवघरासमोर पाटावर आत्या बसलेल्या, ताम्हण पुढ्यात. "आता काही दिवस मी करते. तू देवाला हात लावू नकोस," एवढंच म्हणाल्या. मी वाद घातला नाही. पापडाचं मी चारचौघींत बोलू शकत होते. देवाचं कुणाशी बोलायचं?

बुवांकडे मला जाधववहिनींनी नेलं. जवळच्याच एका सेक्टरमध्ये मंगल कार्यालय भाड्याने घेऊन त्यांची प्रवचनं चालत. पांढऱ्या चादरी, उदबत्त्यांचा धूर, माइकची शिट्टी. प्रवचन संपल्यावर बायकांची रांग. माझी पाळी आली. त्यांनी माझ्या मोज्यांकडे बघितलं, मोजे काढायला सांगितले नाहीत.

"मागल्या जन्मीचं देणं आहे, माई. स्वीकार करा. कुणाच्या तरी हातचा घास तुम्ही हिरावला असेल. गुरुवार धरा."

"किती गुरुवार?" मी विचारलं. मला आकडा लागतो.

"मोजू नका. मोजलंत की अहंकार आला."

परत येताना जाधववहिनी रिक्षात म्हणाल्या, "बघा, किती शांत वाटतं ना?" मला शांत वाटत नव्हतं. मला रिक्षातून उडी मारावीशी वाटत होती. ज्याने माझे हात बघितलेसुद्धा नाहीत तो मला ते स्वीकारायला सांगत होता. आणि सांगत होता ते काय? तर मी गुन्हेगार आहे हे स्वीकार. याला अध्यात्म म्हणतात? आधीच कोपऱ्यात बसवलेल्या बाईला कोपरा कसा योग्य आहे हे पटवून द्यायचं, तेही माइकवर!

मोजे घातल्यापासून माझ्या हाताला पहिल्यांदा कुणी हात लावला तो चांगुणाबाईने. ती खाडीकडच्या गावातून टोपलीत सुकी मासळी घेऊन यायची. पावसाळ्याआधी आमच्याकडे सगळे तिच्याकडून सुकट-बोंबील भरून ठेवत. मी मोज्यांनीच बोंबील उलटेपालटे करत होते.

"आगो बाय, मोजं कार पयले. सुकं म्हावरं हातान बघाचं."

"असू दे. त्वचेचं आहे जरा."

तिने सरळ माझं मनगट धरलं आणि मोजा ओढून काढला. हात उलटासुलटा पाहिला. "यो? यो तं कोड हाय. मंग बोंबलाना काय व्हतंय? ते पयलेच मेलेलं हान." आणि माझ्या हातात चार बोंबील कोंबून लगेच भावावरून भांडायला लागली. मायेचं वगैरे काही नव्हतं. तिला पुढच्या इमारतीत जायची घाई होती. मी तिथे पायरीवर बसून हसत सुटले. मोजा तिच्या टोपलीतच गेला. दुसरा मी मोरीवर टांगून ठेवला.

त्याच आठवड्यात आत्या मोरीत घसरल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर घातलं. पहिला दिवस दवाखान्यात गेला. दुसऱ्या दिवशी ह्यांना पूजा करायला सांगितलं तर हे "हो हो" म्हणून सातला निघून गेले. मनू बाजूला बसली होती. तिसऱ्या दिवशी सकाळी देवघरात परवाची जास्वंद सुकून काळी पडलेली, समई कोरडी. आत्या पलंगावरून तिकडेच बघत होत्या. "देव पारोसे राहिलेत," त्या म्हणाल्या. मला नव्हे, भिंतीला सांगितल्यासारखं. घरात चार माणसं आणि देवाला हात लावायला एक हात नाही. कसला हिशोब हा?

मी विचारलं नाही. अंघोळ केली, ताम्हण घेतलं, चिंच भिजवली, पाटावर बसले. एकेक देव खाली घेतला. अन्नपूर्णा. खंडोबाचा टाक. पिंड. शेवटी रांगणारा बाळकृष्ण, माझ्या आजेसासूंच्या वेळचा, पितळेचा. इतक्या जणींनी घासलेला की नाक-डोळे उरलेच नाहीत, नुसता गुळगुळीत गोल चेहरा. तीन महिन्यांनी तो माझ्या तळहातावर आला. तेवढाच जड होता.

चिंच चोळली, पाण्यात धरला, वर काढला. पितळ चिंचेने असं नेहमीच होतं, अठरा वर्षं बघत आले होते : पिवळ्या अंगावर कुठे कुठे तांबूस, फिकट चट्टे उठतात. एक गुडघ्यावर. एक गालावर. लोण्याचा गोळा धरलेल्या हातावर, बोटांशी. आणि त्याला धरलेली माझी बोटं, पेरापेराने पांढरी, पाण्याने चकाकणारी.

तेव्हा जे झालं त्याला नाव देताना मी सावध असते. प्रकाश दिसला नाही. कुकरची दुसरी शिट्टी झाली तीही मी मोजली. फक्त एवढंच, की ठिपका आल्यापासून पहिल्यांदा मी माझे हात बघत होते आणि ते कदमकाकूंच्या डोळ्यांनी बघत नव्हते, बुवांच्या नाही, आत्यांच्या नाही. माझ्याच डोळ्यांनी. हे हात. भाकरी थापणारे, मनूची वेणी घालणारे, याद्या लिहिणारे. यांच्यावर पांढरं आहे. बरं, आहे. देव माझ्या हातात होता आणि त्याची काही तक्रार नव्हती. छातीवर कुणी पाटा ठेवला असावा आणि तो उचलला जावा, तसं मोकळं वाटलं. मी रडले नाही. मी त्याला पुसलं, गंध लावलं, जागेवर ठेवलं.

"चिंच जास्त चोळू नकोस," आत्या पलंगावरून म्हणाल्या. "डाग पडतात त्याला."

"पडू देत. त्याला कुणी बाजूला बसवत नाही."

मला वाटलं, आता काहीतरी लागेल असं बोलणार. मग त्या म्हणाल्या, "निवेदाचं बघ. साखर वरच्या डब्यात हाय." त्यानंतर प्लास्टर निघालं तरी त्या पाटावर बसल्या नाहीत. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नाही. साखरेचा डबा सांगतात.

स्वीकार हा शब्द बुवांनी इतका मळवून ठेवला होता की मला तो वापरायची शिसारी यायची. पण त्या सकाळनंतर कळलं, शब्द वाईट नव्हता. ते ज्याचा स्वीकार करायला सांगत होते ते वाईट होतं. कातडीचा स्वीकार वेगळा आणि शिक्षेचा वेगळा. माझी कातडी मी घेतली. शिक्षा ज्यांनी दिली त्यांना परत केली.

परत कशी केली तेही लिहिते. शुक्रवारी जाधववहिनींची पाळी होती. आदल्या दिवशी त्या दारात आल्या. "उद्या लिखाणाला येताय ना?"

"येते. पोळपाट घेऊन येते."

"बघा हो तुमी, मला काय नाय, पण बाकीच्या..."

"बाकीच्यांना मी विचारते."

शुक्रवारी वर गेले, मोज्यांशिवाय, आणि चौघींच्या मधे पोळपाट आपटलं. शिंद्यांची धाकटी जाऊ "दूध उतू जाईल" म्हणून उठली ती परत आली नाही. कदमकाकूंनी तोंड वाकडं केलं पण उठल्या नाहीत. उठल्या असत्या तर त्यांची लाटायची जागा गेली असती. मी पहिली लाटी घेतली. वर्षभरात हात विसरला नव्हता. कागदासारखा पापड. जाधववहिनींनी तो उचलून उन्हाकडे धरला, त्यातून पलीकडची टाकी दिसली, आणि न राहवून म्हणाल्या, "हात हाय बाकी वहिनीचा." मी दुपारपर्यंत लाटत होते. ताठ मानेने, घामाने निथळत. माझ्याइतकी सुखी बाई त्या दिवशी अख्ख्या कळंबोलीत नसेल. माझे पापड जाधववहिनींनी वेगळ्या डब्यात भरले आणि पुढे झाडूवालीला देऊन टाकले हे मला ऑगस्टमध्ये कळलं. त्याचा राग स्वतंत्र आहे. तो मी इथे मोजत नाही.

इथे जे मोजायचं आहे ते वेगळंच आहे. त्या संध्याकाळी, भाजी निवडता निवडता, मी त्या दिवसाची यादी वहीत उतरवली. ती आत्ता माझ्यासमोर आहे.

लाटणाऱ्या : मी, जाधववहिनी, कदमकाकू, थोरल्या शिंदेवहिनी.
कावळे हाकायला : शेवंता.

देव हातात घेऊन उठलेली बाई मी. कातडी आणि शिक्षा यांतला फरक समजलेली. आणि तरी त्याच हाताने, त्याच सुवाच्य अक्षरात, पट्टीने रेघ मारून हे लिहिलं. त्या दिवशी लाटताना माझी पाठ टाकीकडे होती. एकदाही मागे वळून बघितलं नाही.

मे महिन्यात आम्ही गावी गेलो. परत आलो तर तळमजल्याच्या खोलीला कुलूप. तिच्या नवऱ्याने खांदेश्वरला जागा घेतली, असं कुणीतरी सांगितलं. मी "बरं झालं" म्हटलं आणि विसरले. वर्षभर विसरले. सत्त्याण्णवच्या एप्रिलात पहिली पाळी लावताना कदमकाकू म्हणाल्या, "शेवंता गेली ना. आता कावळ्यांचं टेन्शन."

पेन तिथेच थांबलं. मागची पानं काढली. त्र्याण्णव : कावळे हाकायला शेवंता. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, शहाण्णव. चार वर्षं, प्रत्येक पाळीला. तिला तिथे कुणी बसवलं? कदमकाकूंनी नाही, जाधववहिनींनी नाही, बुवांनी नाही. यादी मी करत होते. तिला लाटता येतं का, हे मी एकदाही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती, मला माहीत होतं! मनू शाळेतून येऊन तिच्याकडे भाकरी खायची आणि घरी येऊन मला सांगायची, आई, शेवंतामावशीची भाकरी तुझ्याहून पातळ असते. दोन चिकटलेल्या बोटांनी ती पदर सुटणारी भाकरी थापत होती. आणि मी तिला काठी दिली. सोय म्हणून. कुणाला अवघड वाटू नये म्हणून. कदमकाकूंनी मला जे हसून सांगितलं ते मी तिला न हसता, न बोलता, नुसत्या अक्षराने चार वर्षं सांगत होते. आणि ती टाकीच्या सावलीत सरकून मला जागा करून देत होती.

तेव्हापासून प्रत्येक महिन्याच्या यादीत एक काम पुढे ढकललं जातं : 'खांदेश्वर, शेवंता.' आधी पत्ता नव्हता. मग पत्ता मिळाला, पण मनूची दहावी आली. मग आत्यांचं आजारपण. मग पाऊस. खांदेश्वर म्हणजे काही विलायत नाही; रिक्षाने पंधरा मिनिटं. आता सबबी संपल्या आहेत. भीती कसली वाटते तेही सांगते. ती रागावेल याची नाही. रागावली तर मला बरंच वाटेल. राग मला कळतो. ती "असू द्या वहिनी, सवय झाली" म्हणेल याची भीती वाटते.

आता माझे हात मनगटाच्या वर पांढरे झालेत, हनुवटीही अर्धी. चांगुणाबाई म्हणते, "गोरी व्हाला लागलीस गो." मला आरशात बघायला काही वाटत नाही. वाटतं ते वहीत बघायला.

यंदाची माझी पाळी शुक्रवारी आहे. उडदाची डाळ दळून आणली, झालं. पापडखार, झाला. मिरी कुटली, झालं. गच्ची झाडली, झालं. कावळे हाकायला काठी सगळ्यांनी पाळीने धरायची, तासातासाने. पहिला तास माझा. कदमकाकू कुरकुरल्या, पण वही माझी आहे. लाटणाऱ्यांत एक जागा मोकळी ठेवली आहे. तिथे नाव पेन्सिलीने तरी लिहून ठेवावं असं मनात आलं होतं. पण तिला न विचारता तिचं नाव मी चार वर्षं लिहिलं, तेवढं पुरे झालं.

आज मंगळवार. खांदेश्वर बाकी.